तोंड नाही, सोंड आहे

डुकराचं लहान आतडं इथे उभं चिरलं आहे. आत फिकट गुलाबी, आडव्या सुरकुत्यांचा लांबलचक कृमी दिसतोय, तो मॅक्राकॅन्थोरिंकस हिरुडिनेशियस. मादी ३५ सेंटिमीटरच्याही पुढे वाढते, नर जेमतेम १०. घाईत पाहणारा याला साधा जंत समजतो. पण जंत आतड्यात मोकळा पडलेला असतो. हा भिंतीत रुतलेला.

याला तोंड नाही, जठर नाही, गुदद्वारही नाही. डुकरानं पचवलेलं अन्न तो अंगभर त्वचेतून शोषतो. काम उरतं एकच, आतड्यातल्या रेट्यात जागा न सोडण्याचं. ते करते इवलीशी सोंड, मागे वळलेल्या आकड्यांच्या सहा ओळींची.

म्हणून चिमट्यानं ओढू नका. कृमी तुटतो, सोंड भिंतीतच राहते. भोवतालचा आतड्याचा तुकडा कापून घ्या आणि सुईनं ऊती हळूहळू मोकळ्या करा. मग कृमी साध्या पाण्यात, रात्रभर फ्रिजमध्ये. पाणी अंगात शिरतं, कृमी फुगतो, आत ओढलेली सोंड बाहेर येते. त्यानंतरच ७० टक्के अल्कोहोल. जिवंत कृमी थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकला, तर सोंड आतच मिटून राहते आणि आकडे मोजता येत नाहीत. अशा आकडेधारी सोंडेच्या कृमींच्या गटात प्रजाती ठरते ती बहुतांशी आकड्यांची संख्या, मांडणी आणि मापं पाहून. म्हणजे नमुना जवळपास वाया.

आता आतडं उलटून बाहेरची बाजू पाहा. सोंड रुतलेल्या प्रत्येक जागी गाठ उठली आहे. क्वचित तिथे आरपार भोक पडतं, पोटात पू होतो आणि डुक्कर मरतं. गाठींचं आतडं सॉसेजच्या वेष्टणालाही चालत नाही.

अंडी विष्ठेतून मातीत जातात. ती खातात शेणकिड्यांच्या आणि हुमणीच्या कुळातल्या अळ्या. अंड्यातला आकडेधारी भ्रूण अळीचं आतडं भेदून शरीरपोकळीत उतरतो आणि काही महिन्यांत संसर्गक्षम होतो. अळीचा भुंगेरा झाला तरी तो आत तसाच. डुक्कर नाकाडानं माती उकरतं, अळी किंवा भुंगेरा गिळतं. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या विष्ठेत अंडी दिसू लागतात. कच्चे किंवा अर्धवट भाजलेले भुंगेरे खाल्ल्यानं माणसांतही हा कृमी सापडला आहे.

पक्क्या फरशीवरच्या डुकराला अळ्या मिळत नाहीत, साखळी तिथे तुटते. चराऊ रान एखादा हंगाम मोकळं सोडून मात्र भागत नाही. जाड कवचाची अंडी ऊन-थंडी सोसत मातीत वर्षानुवर्षं टिकतात.