मिरच्या किती?

[काळा पडदा. फक्त आवाज. मग हात, उखळ, मुसळ.]

पोक… पोक… पोक.

बँकॉक. सकाळचे अकरा वाजतायत. व्हिक्टरी मॉन्युमेंटच्या गोल चौकात बसगाड्या वळतायत, डोक्यावरून स्कायट्रेन जातेय, आणि जवळच्या एका सोईत, म्हणजे गल्लीत, हा आवाज सुरू झालाय. तो ऐकून समोरच्या बांधकामावरचे चार गडी हातमोजे काढायला लागलेत.

दुकान केवढं? आठ टेबलं. पत्र्याची, घडीची. प्लॅस्टिकची स्टुलं, एकात एक अडकवलेली. प्रत्येक टेबलावर गुलाबी टिश्यूचा डबा. एसी नाही, भिंतीवरचा पंखा आहे आणि तो फक्त तीनच टेबलांकडे बघतो. आम्ही अर्थातच चौथ्या टेबलावर.

पाटीवर लिहिलंय ‘आहान ईसान’. जरा थांबून वाचा. ‘आहान’ हा आपला आहार. थाई लिपीत शेवटी ‘र’च लिहितात, फक्त उच्चार करताना त्याचा ‘न’ होतो. आणि ईसान म्हणजे ईशान, ईशान्य दिशा. थायलंडच्या ईशान्येचं पठार, जिथून मेकाँग ओलांडली की लाओस. रेताड जमीन, बेभरवशाचा पाऊस. तिथली माणसं पोटासाठी बँकॉकला आली, टॅक्सी चालवायला, इमारती बांधायला, घरकाम करायला. आणि त्यांच्या मागोमाग त्यांचं जेवण आलं. गिरणगावात घाटावरच्या आणि कोकणातल्या माणसांसाठी खाणावळी निघाल्या, तसंच.

[पपई, अगदी जवळून]

गिऱ्हाइकं मालकिणीला ‘पा’ म्हणतात. दचकू नका. थाईत पा म्हणजे आईबापांची थोरली बहीण, आणि मग त्या वयाची कुठलीही बाई. आपण मावशी म्हणू.

मावशींच्या डाव्या हातात सोललेली कच्ची पपई, उजव्या हातात सुरा. किसणी नाही. पपईवर लांबीच्या दिशेनं झटझट घाव घालायचे, पपई फिरवायची, पुन्हा घाव, आणि मग वरचा थर तासून काढायचा. टोपलीत पट्ट्या पडतात, एक जाड, एक बारीक. त्या सारख्या नसतात तेच बरं. बारीक पट्टी रस पिऊन बसते, जाडी दाताखाली कुरकुरते.

उखळ मातीचं, उंच, मुसळ लाकडाचं. थाई स्वयंपाकघरात दगडी खलही असतो, पण तो करीच्या वाटणासाठी. दगडात पपईचा लगदा होईल. हिला वाटायचं नाही, फक्त चेचून नरम करायचं. एका हातात मुसळ, दुसऱ्या हातात लांब चमचा, मुसळ खाली गेलं की चमचा तळातलं वर आणतो. पदार्थाचं नावही तेवढंच आहे: सोम तम. सोम म्हणजे आंबट, तम म्हणजे कुटणं.

सुरुवात लसूण आणि मिरचीनं. आणि इथे मावशी मान वर करून विचारतात, “फ्रिक की मेत?”

मिरच्या किती?

तिखट चालेल का, मध्यम करू का, असलं काही नाही. आकडा सांगायचा. ‘मेत’ म्हणजे दाणा; औषधाची गोळीसुद्धा मेतातच मोजतात. मिरची बोटाच्या पेराएवढी, आणि तिचं थाई नाव आहे फ्रिक खी नू, शब्दशः उंदराच्या लेंडीची मिरची. शेजारच्या टॅक्सीवाल्यानं शांतपणे दहा सांगितल्या. आमचा कॅमेरामन कोल्हापूरचा. आता त्यानं काय करावं? तो म्हणाला, सहा. मावशींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मोजून सहा टाकल्या.

मग ताडगूळ, मासळीचं खारं पाणी म्हणजे नाम प्ला, लिंबू. चवळीच्या लांब शेंगा मोडून. चिरलेले टोमॅटो. सुकट. शेंगदाणे. शेवटी पपई. वजनाचा काटा नाही, मापाचा चमचा नाही. मावशी चमचाभर रस जिभेवर घेतात, क्षणभर कुठेच बघत नाहीत, आणि अजून अर्धं लिंबू पिळतात. पुढच्या उखळाला लिंबू नाही, गूळ वाढला. कालचं लिंबू वेगळं होतं, आजचं वेगळं.

[सोम तमची बशी. कॅमेरा हलतोय, कारण कॅमेरामन रडतोय.]

तो पाणी पीत असताना थोडा इतिहास सांगून घेतो. या बशीतली पपई आणि मिरची, दोन्ही मुळात अमेरिका खंडातल्या. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतलं, १५११ साली मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा दूत आयुथयेला, म्हणजे सयामच्या, आजच्या थायलंडच्या, ‘अयोध्ये’ला पोचला. समुद्रापलीकडची ही पिकं पुढे याच व्यापारी वाटांनी आशियाभर पसरली. तेव्हा कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यानं आणि या बशीनं एकमेकांना परकं समजायचं कारण नाही. कॅमेरामनला हे आत्ता सांगण्यात अर्थ नव्हता.

शेंगदाणे घातलेलं हे गोडसर सोम तम म्हणजे ‘सोम तम थाई’. टॅक्सीवाल्याच्या पुढ्यात आलंय ते वेगळं, काळपट, त्यात शेतातला खारवलेला खेकडा आणि प्ला रा. प्ला रा म्हणजे मीठ आणि तांदळाचा कोंडा लावून महिनोन्‌महिने मुरवलेली गोड्या पाण्यातली मासळी. वास? ज्यांच्या शेजारी बोंबील भाजले गेलेत त्यांना सवय आहे. बाकीच्यांनी पंख्याकडचं टेबल धरावं. पण चव मात्र खोल, आणि मला विचाराल तर ती खाल्ल्यावर शेंगदाण्याचं सोम तम जरा पोरकट वाटतं.

[बांबूची झाकणाची टोपली उघडते. वाफ.]

हा भात. चिकट तांदूळ, रात्रभर भिजवलेला, बांबूच्या टोपलीत वाफवलेला. थायलंडमध्ये एरवी उजव्या हातात चमचा आणि डाव्यात काटा. काट्यानं घास चमच्यात ढकलायचा, तोंडात चमचा जातो. चॉपस्टिक्स बहुतेक नूडल्सपुरत्या. पण या भाताला हातच. चिमूटभर घ्यायचा, बोटांनी दाबून गोळी करायची, रसात बुडवायची. बोटांना चिकटत नाही. भात भाताला चिकटतो. आम्हा सगळ्यांना हे पहिल्या घासाला जमलं. आपली एक तरी विद्या इथे कामाला आली.

बशा मधोमध, सगळ्यांच्या. लाबची बशी आली आणि तिच्या वासानं मी चमकलो. लाब म्हणजे खिमा, लिंबू, पुदिना, छोटे कांदे, सुकी मिरची. पण वर भुरभुरलेलं काय? कोरडे तांदूळ कढईत तांबूस होईतो भाजून कुटलेली भरड. डोळे मिटले तर थालीपिठाची भाजणी दळून आल्यासारखं वाटतं.

आणि मग तुळस. दुपारी ऑफिसवाले येतात, त्यांच्यासाठी मावशी फात क्रफाव करतात. तापलेल्या कढईत लसूण-मिरची, खिमा, आणि शेवटी मूठभर पानं. क्रफाव म्हणजे आपल्या वृंदावनातलीच तुळस. थाई स्वयंपाकात तुळशीच्या कुळातल्या तीन भाज्या चालतात. हिरव्या करीत पडते ती होराफा, आणि ही क्रफाव मात्र आपली ओळखीची. मी पहिल्यांदा बशीकडे नुसता बघत राहिलो. घरी नैवेद्यावर ठेवतो ते पान इथे डुकराच्या खिम्यात. आजीला हे सांगितलं नसतं. वास मात्र अंगणातलाच होता, फक्त लसणीत परतलेला.

शाकाहाऱ्यांसाठी एक शब्द: मांगसविरत. मांस आणि विरती, दोन्ही आपलेच. पण तेवढं बोलून भागत नाही, नाम प्ला भाजीतसुद्धा असते, तीही नको म्हणून सांगावं लागतं. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं तर ते ‘चे’ जेवण: मांस-मासळी-अंडं नाही, दूध नाही, आणि लसूण-कांदाही नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांना कळेल.

अस्सल थाई कुठे मिळतं, असं घरून निघताना सगळे विचारत होते. या दुकानात तो शब्द कुणी उच्चारलासुद्धा नाही. मावशी गावाकडच्या माणसांसाठी रांधतात, आणि चव बिघडली तर ती माणसं तोंडावर सांगतात. मघाशी एकानं बशी परत पाठवली: लिंबू कमी. मावशींनी ते सगळं पुन्हा उखळात टाकलं.

[दुपारचे दोन. टेबलं रिकामी. बशा धुण्याचा आवाज.]

एका बशीचे ५०-६० बाट. हिशेब बशा मोजून.

उठता उठता कॅमेरामन म्हणाला, एक सोम तम बांधून घेऊ. मावशींनी उखळ पुढे ओढलं, लसूण टाकली. तो आकडा सांगायला तोंड उघडणार, तोवर त्यांनी डब्यातून मिरच्या उचलल्याही होत्या.

दोन.

या वेळी विचारलंच नाही.

[पोक… पोक… पोक.]