पंधरावा क्रमांक आला कुठून? मँचेस्टर युनायटेडच्या 2024-25 हंगामाचा हिशेब

[थेट कॅमेऱ्याकडे]

नमस्कार मंडळी. सोलापुरात लाल जर्सी घालून सात रस्त्यावर चहाला थांबलं, की कुणीतरी विचारतंच, "काय ओ, पंधरावे ना तुम्ही?" उत्तर देता येत नाही, कारण आकडा खरा आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 38 सामने, 11 विजय, 9 बरोबरी, 18 पराभव, 42 गुण. केलेले गोल 44, खाल्लेले 54. 1973-74 मध्ये हा क्लब खालच्या विभागात घसरला होता. त्यानंतर लीगमध्ये इतका वाईट शेवट कधी झाला नव्हता.

राग यायलाच हवा. फक्त तो योग्य जागी निघावा, म्हणून आज हा हंगाम उसवून बघू.

पहिला प्रश्न नेहमीचा: प्रशिक्षकाने घालवलं का? गुणांची वाटणी करा.

[स्क्रीनवर: टेन हाग 9 सामने 11 गुण / व्हॅन निस्टलरॉय (मधला हंगामी प्रशिक्षक) 2 सामने 4 गुण / अमोरिम 27 सामने 27 गुण]

एरिक टेन हागला 28 ऑक्टोबर 2024 ला काढलं. तोवर 9 सामन्यांत 11 गुण होते. त्याच गतीने 38 सामने झाले असते तर साधारण 46 गुण होतात. त्या वर्षीच्या तक्त्यात 46 गुणांवर जागा मिळते चौदावी. नवा प्रशिक्षक रूबेन अमोरिम आल्यावर सामन्यामागे एक गुण पडला, म्हणजे घसरण वाढली हे मान्य. पण चांगली चाललेली टीम त्याने बिघडवली, असं हे आकडे सांगत नाहीत. आजार आधीचाच होता, औषध मात्र चुकीच्या वेळी सुरू झालं.

चुकीच्या वेळी म्हणजे काय, हे सोलापूरकरांना लगेच कळेल. चादरीची नक्षी मागावरच्या जेकार्ड यंत्राच्या कार्डांवर असते. पण मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, आधीच चढलेला असतो, त्याच्या धाग्यांची संख्या आणि रंग ठरलेले असतात. नुसती कार्डं बदलून वेगळ्याच जातीची नक्षी मागितली, तर कापड बिघडतं. त्यासाठी ताणाच बदलावा लागतो, एकेक धागा जोडावा लागतो, आणि तेवढा वेळ माग बंद ठेवावा लागतो. फुटबॉलमध्ये माग बंद ठेवायचा काळ एकच, जुलै-ऑगस्ट. अमोरिमचा पहिला सामना झाला 24 नोव्हेंबरला, इप्सविचमध्ये, 1-1. माग जोरात चालू असताना कार्डं बदलली गेली.

आता ताणा आणि नक्षी यांचं नेमकं कुठं जुळलं नाही, ते बघा. हा भाग नीट ऐका, कारण पुढचा प्रत्येक सामना बघताना उपयोगी पडेल.

[हाताने फळ्यावर रचना दाखवत]

टेन हागची टीम 4-2-3-1 साठी विकत घेतलेली. मागे चार, मधे दोन, दोन्ही कडांना विंगर, म्हणजे कडेवरून हल्ला करणारे. अमोरिमची रचना 3-4-2-1. तीन सेंटरबॅक म्हणजे मधले बचावपटू, दोन मिडफिल्डर, कडांना दोन विंगबॅक, स्ट्रायकरच्या मागे दोन दहा नंबर, म्हणजे आतून हल्ला रचणारे.

यात सगळं ओझं विंगबॅकवर. पूर्ण कड, वर आणि खाली, एकट्याने सांभाळायची. डावीकडे ते काम करणारा तंदुरुस्त माणूसच नव्हता. ल्यूक शॉ बराच काळ जखमी, म्हणून उजव्या पायाचा डालो डावीकडे. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या कडेला धावतो, क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू, मारायच्या आधी थांबतो, चेंडू आत वळवतो, आणि तेवढ्या दोन सेकंदांत समोरचा बचाव जागेवर येतो. त्या जागेसाठी इटलीतल्या लेच्चे क्लबचा पॅट्रिक दोर्गू आला तो फेब्रुवारीत.

विंगरचं उलटं झालं. या रचनेत कडेला उभं राहायला जागाच नाही. गार्नाचो आणि रॅशफर्ड यांची ताकद मोकळ्या कडेवरून धावण्यात, आणि त्यांना गर्दीत पाठमोरं उभं राहून चेंडू घ्यायचा. रॅशफर्ड ॲस्टन व्हिलाकडे आणि दुसरा विंगर अँटनी स्पेनच्या बेटिसकडे उसना गेला. आतल्या जागेत खरा शोभला अमाद, लीगमध्ये 8 गोल. फेब्रुवारीत त्याचा घोटा दुखावला आणि तीही वाट बंद झाली.

तिसरी गळती मधे. दोन मिडफिल्डर विरुद्ध समोरचे तीन. कासेमिरो आणि एरिक्सन दोघंही तिशी ओलांडलेले. चेंडू हातचा गेला की मागे 40 मीटर धावायला पाय उरत नव्हते. मग सेंटरबॅक पुढे निघायचा आणि त्याच्या मागची जागा उघडी पडायची.

आणि गोल. होयलुंडचे लीगमध्ये 4, झिर्कझीचे 3. दोन स्ट्रायकर मिळून 7. त्याच लीगमध्ये लिव्हरपूलच्या एकट्या सलाहचे 29. पण होयलुंडला शिव्या देण्याआधी वरचा हिशेब आठवा: क्रॉस उशिरा, दहा नंबर चुकीचे. चेंडू पोचतच नसेल तर स्ट्रायकर एकटा काय करणार?

युरोपा लीगबद्दल, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या खालच्या युरोपीय स्पर्धेबद्दल, थोडक्यात. लियोनविरुद्ध जादा वेळेत 2-4 अशी पिछाडी असताना शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल, 5-4. ती रात्र कुणी विसरणार नाही. पण त्या स्पर्धेसाठी लीग सोडून दिली गेली, एप्रिल-मेमध्ये लीगचे सलग 8 सामने विजयाविना. फायनल बिल्बाओत, आपल्याकडे 21 मेची रात्र उलटून साडेबारा. मे महिन्यातला सोलापूरचा उकाडा, अर्धी रात्र जागरण, आणि टॉटनहॅमच्या ब्रेनन जॉन्सनचा 42व्या मिनिटाचा एक गोल. टॉटनहॅम स्वतः लीगमध्ये सतरावी होती. त्या एका हंगामात तिने युनायटेडला चार वेळा गाठलं आणि चारही वेळा हरवलं. जिंकलो असतो तर मिळणारी चॅम्पियन्स लीगची जागा गेली, युरोपच गेलं.

आता कामाचं. टीम सुधारतेय की नाही, हे निकालावरून लगेच कळत नाही. एक वही करा. प्रत्येक सामन्याला चार रकाने: गुण, आपला एक्सजी, समोरच्याचा एक्सजी, पहिला गोल कुणाचा. एक्सजी म्हणजे प्रत्येक फटक्याची गोल होण्याची शक्यता, सगळ्यांची बेरीज. फुकट उपलब्ध असतो. पेनल्टी बाजूला काढा, ती एकटीच पाऊण गोलाहून जास्त धरली जाते आणि चित्र फुगवते. एका सामन्यावरून काहीही ठरवू नका. सहा-सहा सामन्यांची सरासरी काढा आणि दर आठवड्याला जुना सामना गाळून नवा धरा. एक सावधगिरी: टीम लवकर दोन गोलांनी पुढे गेली की मुद्दाम मागे बसते, समोरचा एक्सजी वाढतो. त्याला खराब खेळ समजू नका. म्हणूनच पहिल्या गोलाचा रकाना.

आणि डोळ्यांनी बघायची एकच गोष्ट. चेंडू गेला त्या क्षणी स्क्रीन थांबवा. दोन्ही विंगबॅक कुठे आहेत? दोघंही चेंडूच्या पुढे आणि मधे दोघंच, असं पहिल्या अर्ध्या तासात चार-पाचदा दिसलं, तर आघाडीवर असूनही ती टीम गोल खाणार आहे.

वेळेचं लक्षात ठेवा. इंग्लंडचं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे येतं. शनिवारचा तिथला दुपारी तीनचा सामना आपल्याकडे ऑगस्टमध्ये साडेसातला, डिसेंबरमध्ये साडेआठला. आठवड्यामधला रात्री आठचा सामना उन्हाळी वेळेत साडेबाराला, हिवाळ्यात दीडला. सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांनी दीडचा सामना रेकॉर्ड करून संध्याकाळी बघा. वही भरायला तोच बरा पडतो, हवं तिथे थांबवता येतं.