काळ्या मातीत पाणी गडप झालं, म्हणजे जमीन सुधारली का?

नमस्कार मंडळी! मागं दिसतंय ते आपलं काटोल रोडकडचं पडीत वावर. इथं आता ढोरं मोकाट चरत नाहीत. झटका मशीनची, म्हणजे विजेचा हलका झटका देणारी तार ओढून 8 तुकडे केलेत. एका तुकड्यात 4 दिवस चराई, मग 28 दिवस तिकडं फिरकायचं नाही.

गवत वाढलेलं डोळ्यांना दिसतं. मातीचं काय?

(कडं दाखवत) हे 6 इंच व्यासाचं लोखंडी कडं. निम्मं जमिनीत ठोका, आत 444 मिलीलीटर पाणी ओता. साधारण 1 इंच थर होतो. हे पाणी फक्त माती भिजवायला. जिरलं की पुन्हा तेवढंच ओता, आणि आता मोबाइलवर वेळ लावा.

पहिल्यांदा मी हे मे महिन्यात केलं. पाणी असं गडप झालं की मी लगेच घरी फोन लावला! अन् बघतो तर काय, कडं भेगेवरच ठोकलेलं. आपली काळी माती उन्हात तडकते, पाण्यानं फुगते. तो आकडा भेगेचा होता. आता दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मोजतो, ओल असते पण चिखल नसतो.

घट्टपणाचंही तसंच. ठरावीक मापाच्या नळीनं माती काढायची, 105 अंशांवर वाळवायची, वजनाला नळीच्या घनफळानं भागायचं. आकडा उतरला तर खुरांनी दाबलेली माती मोकळी होतेय. पण ओल वेगळी असली, तर नुसत्या फुगण्यानंही उतरतो बरं का.

सेंद्रिय कर्बासाठी, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळ्यांतून मातीत आलेल्या कार्बनसाठी, 0 ते 15 सेंटिमीटर खोलीचा नमुना घ्या, शेणाच्या पोवट्या टाळून. 0.5 टक्क्यांखाली म्हणजे कमी. मातीवर पातळ ॲसिडचा थेंब टाकून बघा, फसफसली तर चुनखडी आहे. मग प्रयोगशाळेत आधीच सांगा, चुन्यातला कर्ब यात धरू नका. नाहीतर कागदावर जमीन फुकटात श्रीमंत होते. आणि एका वर्षात काही हलत नाही, 3-5 वर्षं धरून चाला.

तो कोपऱ्यातला, तारेबाहेरचा तुकडा दिसतोय? तिथं मुद्दाम जुनीच चराई ठेवलीय. शेजारचे काका विचारतात, "त्यानं काय पाप केलं?" काका, यंदा पाऊस बरा झाला तर गवत दोन्हीकडं वाढेल. मग फरक पावसाचा की चराईचा, ते त्याच्याशीच ताडून बघायचं.

चला, आधी तिथंच कडं ठोकू.