बाजाराने घडवलेलं गाव : लडलो

[दृश्य : अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना काळ्या लाकडी चौकटींची घरं, वरचे मजले रस्त्यावर झुकलेले. सकाळची वर्दळ.]

हार्प लेन. फिश स्ट्रीट. मार्केट स्ट्रीट. चर्च स्ट्रीट. इंग्लंडमधल्या लडलो या गावाच्या ऐन मध्यावर या गल्ल्या एकमेकींना खेटून आहेत. काही ठिकाणी समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. आणि तिथून दोन मिनिटं चाललं की लागतो ब्रॉड स्ट्रीट, ऐसपैस, सरळ, उतारावरून थेट नदीकडे निघालेला. ज्यांनी हा रस्ता इतका मोकळा ठेवला, त्यांनीच या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या का केल्या असतील?

त्यांनी त्या केल्याच नाहीत. मूळ आखणीत इथे गल्ल्या नव्हत्याच. किल्ल्याच्या दरवाजापासून बुल रिंग नावाच्या जागेपर्यंत एकच रुंद पेठ होती. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले लोक माल घेऊन यायचे आणि या पेठेत रांगा करून बसायचे. पुढे काय झालं असेल, हे आपल्याकडचा बाजार पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आधी नुसतं पाल, मग त्याला फळ्यांचा आडोसा, मग वर माळा, आणि एक दिवस त्या माळ्यावर कुणाचा तरी संसार. पूर्वी संध्याकाळ झाली की पाल उठायचं. ते उठेनासं झालं. काही पिढ्यांत दुकानांच्या रांगांची घरं झाली आणि रांगांमधून गिऱ्हाइकांनी ये-जा करायच्या ज्या वाटा होत्या, त्यांच्या गल्ल्या झाल्या. आज मार्केट स्ट्रीटवरून चालताना आपण मध्ययुगातल्या बाजाराच्या दोन रांगांमधूनच चालत असतो.

लडलोला येणारे बहुतेक जण किल्ल्यासाठी येतात. किल्ला पाहायलाच हवा. पण हे गाव समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात बाजारापासून करावी.

[दृश्य : आकाशातून गाव. टेकाडावर किल्ला, मध्ये चर्चचा उंच मनोरा, भोवती नदीचं वळण, पलीकडे कुरणं आणि झाडी.]

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीजवळ, श्रॉपशर परगण्यात हे गाव आहे. वस्ती दहा-अकरा हजारांची. या सरहद्दीच्या पट्ट्याला मार्चेस म्हणतात. १०६६ मध्ये नॉर्मन इंग्लंडमध्ये आले आणि वेल्सवर नजर ठेवायला त्यांनी या पट्ट्यात किल्ल्यांची रांग उभी केली. लडलोचा किल्ला ११व्या शतकाच्या अखेरीस द लासी घराण्याने बांधायला घेतला. खाली टीम नदी, वर खडक, जागा अगदी हेरून निवडलेली. पण नुसत्या किल्ल्याने पोट भरत नाही. शिबंदीला धान्य हवं, घोड्यांना चारा हवा, खजिन्याला महसूल हवा. म्हणून दरवाजासमोर पेठ आखली गेली, आणि पेठेच्या दोन्ही बाजूंना रस्त्याकडे तोंड करून अरुंद, पण मागे लांबच लांब भूखंड पाडले गेले.

गावाला पैसा दिला मेंढ्यांनी. वेल्सच्या सरहद्दीवरच्या डोंगराळ कुरणांतली लोकर लडलोला यायची आणि इथून परदेशी जायची. या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे लॉरेन्स ऑफ लडलो, आपल्या काळातला इंग्लंडमधला अत्यंत धनाढ्य लोकरव्यापारी. इथून जवळच स्टोकसे इथे त्याने घर बांधलं आणि १२९१ मध्ये त्याला तटबंदी घालण्याची परवानगी थेट राजाकडून मिळवली. व्यापाऱ्याने सरदारासारखं गढीत राहावं, इतकी त्या लोकरीची किंमत होती. १२९४ मध्ये लोकर घेऊन जाणारं त्याचं जहाज बुडालं आणि तोही त्यात गेला. स्टोकसेची गढी मात्र आजही बहुतांश जशीच्या तशी उभी आहे. वेळ काढून पाहावी अशीच आहे.

[दृश्य : बटरक्रॉसच्या कमानी. मागे चर्चचा मनोरा.]

ब्रॉड स्ट्रीटच्या माथ्यावर घड्याळ मिरवणारी ही दगडी इमारत म्हणजे बटरक्रॉस. १७४०च्या दशकातली. खालचा भाग कमानींचा आणि मोकळा. खेड्यांतून येणारं लोणी इथे सावलीत विकलं जायचं. वरच्या मजल्यावर गरीब मुलांची शाळा भरायची.

बटरक्रॉसच्या बाजूने बोळातून आत शिरलं की एकदम समोर येतं सेंट लॉरेन्स चर्च. गावाच्या मानाने ते फार मोठं आहे. मनोरा ४१ मीटर उंच. त्याचा बराचसा खर्च पामर्स गिल्ड नावाच्या मंडळाने उचलला. पामर म्हणजे जेरुसलेमची यात्रा करून आलेला यात्रेकरू. या मंडळाचे सभासद वर्गणी भरत, देणग्या देत, आणि आपल्या मागे आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून मंडळाने पाद्री नेमलेले असत. व्यापारातला नफा असा चर्चच्या दगडात आणि रंगीत काचांत उतरला.

[दृश्य : चर्चमधली लाकडी आसनं. एक आसन वर उचललं जातं. खालचं कोरीवकाम अगदी जवळून.]

इथे थोडं थांबू या. पाद्र्यांना तासन् तास उभं राहून प्रार्थना म्हणाव्या लागत. वयस्कर मंडळींना टेकायला मिळावं म्हणून घडीच्या आसनांच्या खालच्या बाजूला एक छोटी लाकडी फळी काढलेली असे. त्या फळीखाली सुतारांनी कोरीवकाम केलं आहे. अशी २८ आसनं इथे आहेत, १४व्या आणि १५व्या शतकांतली. आणि त्यांवर देवादिकांपेक्षा साधी माणसंच जास्त दिसतात. त्यातलं एक नीट पाहा.

एक सैतान पाठीवर बाईला टाकून निघाला आहे. बाई उघडी आहे, अंगावर फक्त डोक्याचा शिंगांसारखा उंच शिरपेच, आणि हातात अजून तिचा प्याला घट्ट धरलेला. एका बाजूला दुसरा सैतान गुंडाळीवरून तिच्या पापांची यादी वाचतो आहे. तिसरा बॅगपाइप वाजवतो आहे. आणि दुसऱ्या टोकाला नरकाचा जबडा आ वासून उभा. ही बाई बिअर विकणारी, आणि तिचा गुन्हा एकच : मापात पाप. गिऱ्हाइकाला तिने कमी मोजून दिलं.

बाजाराच्या गावाचं याहून खरं चित्र आम्हाला लडलोत दुसरं दिसलं नाही. खून, दरोडे, राजद्रोह हे सगळं किल्ल्यात चालायचं. पेठेत बसणाऱ्या माणसाला चीड यायची ती पेला थोडा रिकामा मिळण्याची, आणि ती चीड त्याने थेट चर्चमध्ये, पाद्र्यांच्या आसनाखाली कोरून ठेवली.

[दृश्य : किल्ल्याचं आतलं आवार. छत नसलेल्या भिंती, गवत, गोल प्रार्थनागृहाची कमान.]

आता किल्ला. आतल्या चौकातलं हे गोल प्रार्थनागृह १२व्या शतकातलं आहे. अशा गोल इमारती इंग्लंडमध्ये मोजक्याच. इथल्या भिंतींनी दोन राजपुत्र पाहिले. चौथ्या एडवर्डचा मुलगा अगदी लहानपणी, १४७३ मध्ये, इथे राहायला आला. १४८३ मध्ये वडील वारल्याची बातमी त्याला इथेच कळली. राज्याभिषेकासाठी तो लंडनला निघाला. त्याचा राज्याभिषेक झालाच नाही, आणि लंडनच्या टॉवरमध्ये तो आणि त्याचा धाकटा भाऊ कायमचे दिसेनासे झाले. दुसरा राजपुत्र आर्थर, सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा. नवी नवरी, स्पेनची राजकन्या कॅथरीन, हिला घेऊन तो इथे आला आणि २ एप्रिल १५०२ रोजी इथेच वारला. वय १५. लग्नाला पाच महिनेही झाले नव्हते. पुढे कॅथरीनशी त्याच्या धाकट्या भावाने, आठव्या हेन्रीने लग्न केलं, ते मोडायला निघाला आणि त्यापायी इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं. त्या सगळ्याचं एक टोक लडलोच्या या पडक्या खोल्यांत आहे.

वेल्स आणि सरहद्दीच्या परगण्यांचा कारभार पाहणारी परिषद या किल्ल्यात भरायची. पक्षकार, वकील, कारकून यांनी गाव गजबजलेलं असे. कोरीव लाकडाने मढवलेलं फेदर्स हॉटेल १६१९ मध्ये मुळात एका वकिलाचं घर म्हणून बांधलं गेलं, यावरून त्या वर्दळीचा अंदाज यावा. १६८९ मध्ये परिषद बरखास्त झाली आणि किल्ल्याला कुणी वाली उरला नाही. छपरावरचं शिसंसुद्धा काढून नेलं गेलं.

पुढे हा किल्ला विकत कुणी घेतला, हे मराठी माणसाने मुद्दाम जाणून घ्यावं. १८११ मध्ये इंग्लंडच्या राजसत्तेकडून तो घेतला एडवर्ड क्लाइव्हने, अर्ल ऑफ पोविसने. हा रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा. वीस वर्षं तो लडलोचा खासदार होता. पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, तेव्हा मद्रासच्या गादीवर हाच होता. टिपूचा छापील कापडाचा तंबू आजही या घराण्याच्या वेल्समधल्या पोविस किल्ल्यात आहे.

आणि बाप? फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर समुद्रातून ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने तोफा डागल्या, तेव्हा जमिनीवर उतरलेल्या कंपनीच्या फौजेचा म्होरक्या रॉबर्ट क्लाइव्ह होता. पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी हात मिळवले होते. किल्ला पडला, आंग्र्यांचं आरमार जळालं, आणि आतली लूट इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतली, पेशव्यांना त्यात वाटा मिळाला नाही. पुढच्याच वर्षी प्लासी झाली आणि क्लाइव्ह गडगंज झाला. लडलोच्या या तटाखाली उभं राहिलं की विजयदुर्गाची आठवण येते, ती यासाठी. हिंदुस्थानातल्या पैशावर मोठं झालेलं घराणं या दगडांचं मालक झालं, आणि किल्ला आजही पोविस घराण्याकडेच आहे. किल्ला पाहताना हेही डोक्यात असावं.

[दृश्य : ब्रॉड स्ट्रीटचा उतार. तळाशी वेशीची कमान. पुढे दगडी पूल.]

ब्रॉड स्ट्रीटवरून उतरताना दोन्ही बाजूंना १८व्या शतकातली विटांची देखणी घरं लागतात, आणि तळाशी ब्रॉड गेट. गावाच्या तटाला सात वेशी होत्या; उभी राहिली ती ही एकच, आणि तिच्या डोक्यावर चक्क घर आहे. पलीकडे टीम नदीवरचा लडफर्ड पूल. १२ ऑक्टोबर १४५९ च्या रात्री ड्यूक ऑफ यॉर्कचं सैन्य या पुलापाशी होतं. हा यॉर्क म्हणजे लडलोच्या किल्ल्याचा तेव्हाचा धनी, राजा सहाव्या हेन्रीविरुद्ध उभा राहिलेला सरदार. समोर राजाची फौज. रात्रीतून यॉर्कची एक कसलेली तुकडी राजाला जाऊन मिळाली आणि यॉर्कने पळ काढला. सकाळी राजाचं सैन्य गावात शिरलं आणि यॉर्कचं गाव म्हणून लडलो लुटलं गेलं. दोनच वर्षांत यॉर्कचा मुलगा चौथा एडवर्ड म्हणून गादीवर बसला आणि १४६१ मध्ये त्याने लडलोला सनद दिली. आपला कारभार आपण पाहायचा हक्क गावाला मिळाला, तो असा मार खाऊन.

पुलापलीकडच्या वळणावर रस्त्याकडेचा खडक पाहायला विसरू नका. भूगर्भशास्त्राच्या जागतिक कालपटावर एका कालखंडाचं नावच लडलो आहे, ते इथल्या खडकांवरून. १८३०च्या दशकात रॉडरिक मर्चिसन या भूगर्भशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला. या खडकात माशांच्या खवल्यांनी, काट्यांनी भरलेला एक अगदी पातळ थर आहे. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा. कोळ्यासारख्या आणि गोमेसारख्या प्राण्यांचे इथे सापडलेले अवशेष जमिनीवरच्या प्राण्यांच्या जगातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी आहेत. जागा संरक्षित आहे. हात लावून पाहावं, उकरू नये.

[दृश्य : किल्ल्यासमोरचा चौक. रंगीत छतांचे गाळे. पाव, चीज, रोपं, सॉसेज.]

किल्ल्यासमोरच्या चौकात व्हिक्टोरियन काळात विटांचा मोठा टाऊन हॉल बांधला होता. १९८६ मध्ये तो पाडला गेला आणि बाजार पुन्हा उघड्यावर आला. हे बरंच झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार हे इथले बाजारवार. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी फक्त पंचक्रोशीतला माल असतो, आणि जमल्यास यावं ते त्या दिवशी. डुकराचं मांस, सफरचंद आणि कांदा घालून केलेला फिजेट पाय हा श्रॉपशरचा जुना पदार्थ. शरदात आंबटगोड जांभळ्या डॅमसन आलुबुखारांचा मुरंबा मिळतो. १९९५ पासून सप्टेंबरात किल्ल्याच्या आवारात खाद्यमहोत्सव भरतो आणि त्यात गावातले खाटीक आपापलं सॉसेज चाखायला देतात. सर्वांत चांगलं कुणाचं, ते लोक ठरवतात. मांस न खाणाऱ्यांसाठी चीज आणि पाव एवढंच सांगितलं तरी पुरे आहे.

[दृश्य : नदीकाठची झाडीतली वाट. बंधाऱ्यावरून उतरणारं पाणी.]

पोट भरलं की डिनम पुलावरून नदी ओलांडा. पलीकडच्या काठाने लडफर्डपर्यंत जाणाऱ्या वाटेला ब्रेडवॉक म्हणतात. १९व्या शतकात बेकार मजुरांनी ती बांधली आणि मजुरी दारूत जाऊ नये म्हणून त्यांना पैशांऐवजी पाव दिला गेला, असं गावात सांगतात. वर व्हिटक्लिफचं माळरान. एके काळी गावकऱ्यांची गुरं इथे चरायची. गावाचे फोटो बहुधा इथूनच काढलेले असतात.

माळाच्या मागे मॉर्टिमर जंगल सुरू होतं. इथल्या फॅलो हरणांत लांब केसांचा एक प्रकार आहे, कानांतून केसांच्या बटा लोंबणारा. ही हरणं इथलीच. लडलोपासून किंग्टनपर्यंत जाणारी ४८ किलोमीटरची पायवाट, मॉर्टिमर ट्रेल, याच जंगलातून जाते. सगळी चालायला दोन-तीन दिवस हवेत. तेवढी सवड नसेल तर हाय व्हिनल्स या माथ्यापर्यंत जाऊन या. उंची ३७५ मीटर, चढ सोपा, पावसाळी दिवसांत वाटेवर चिखल असतो, बूट चांगले घाला. आकाश मोकळं असेल तर पूर्वेला क्ली टेकड्या आणि पश्चिमेला वेल्सचे डोंगर दिसतात. श्रूजबरी आणि हेरेफर्डकडे जाणाऱ्या गाड्या लडलोच्या स्टेशनवर थांबतात, आणि स्टेशन बाजारचौकापासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे.