कंपासपेटीतलं झाड

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या मे महिन्यात आम्ही सिंगापूरला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मुलगा, सून, दोन नातवंडं आणि मी. सहा दिवसांची सहल, आणि त्या सहाही दिवसांचं तासातासाचं वेळापत्रक सुनेच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेलं. त्यात मत्स्यालय होतं, उंच पाळणा होता, रात्रीची सफारी होती. बोटॅनिकल गार्डन नव्हतं. मी ते सुचवलं तेव्हा नातू म्हणाला, "आजी, झाडं बघायला विमानात कशाला बसायचं? राणीच्या बागेत आहेत की!"

वय वर्षं दहा. मुद्दा बिनतोड होता. मीही दादरला वाढलेली, भायखळ्याच्या त्या बागेत शाळेच्या सहलीला कितीदा तरी गेलेली. पण आम्ही तिथे वाघ-हत्ती बघायला जायचो. झाडं मधे मधे यायची, एवढंच.

तरी हट्टाने मी सोमवारची सकाळ मागून घेतली आणि पहिलाच घोटाळा केला. या बागेत मुलांसाठी जेकब बालास चिल्ड्रन्स गार्डन नावाचा खास विभाग आहे. तो सोमवारी बंद असतो. आपली राणीची बाग बुधवारी बंद असते हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, पण परदेशातल्या बागेलाही सुट्टीचा वार असेल हे डोक्यातच आलं नाही. बंद फाटकासमोर सहा वर्षांच्या नातीने असा काही भोकाड पसरला की शेजारून पळायला चाललेली माणसं थांबली.

बरं झालं, मोठी बाग उघडी होती. ती पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत उघडी असते आणि तिकीट नाही. १८५९ सालची बाग, ८२ हेक्टरांची. २०१५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण रडणाऱ्या मुलीला युनेस्कोचं काय कौतुक? तिला गप्प केलं पाच डॉलरच्या नोटेने. तिथली ही नोट हिरवी, प्लास्टिकची, आणि तिच्या मागच्या बाजूला एका झाडाचं चित्र आहे. टेंबुसूचं झाड. ते झाड याच बागेत उभं आहे, बागेच्याही आधीपासूनचं. मी नोट नातवाच्या हातात दिली आणि म्हटलं, शोध.

दोघं तरातरा पुढे. पंचवीस मिनिटांनी हाक आली. त्या झाडाची एक फांदी खूप खालून निघून जमिनीला समांतर लांबच लांब गेली आहे. म्हातारपणी काठी लागावी तसे तिला टेकू दिलेत आणि भोवती कठडा घातलाय. नातू एक डोळा मिटून, नोट हातभर लांब धरून उभा होता. चित्रातली फांदी आणि समोरची फांदी जुळेपर्यंत तो मागे-पुढे सरकत राहिला. "थोडं डावीकडे ये दादा," नात सांगत होती. वेळापत्रकात बसतच नव्हती अशी वीस मिनिटं तिथे गेली. सुनेने दोनदा घड्याळ पाहिलं, मग नाद सोडून तीही नोट घेऊन उभी राहिली.

पुढे तळ्याकाठी एक घोरपड निघाली. चांगली हातभर लांब, सावकाश, जीभ आत-बाहेर करत. "यशवंती!" नातू किंचाळला. तानाजीच्या घोरपडीची आख्यायिका त्याला पाठ आहे. दोर बांधून गड चढता येईल का यावर दोघांची जी चर्चा झाली ती मी इथे सांगत बसत नाही.

आता ज्यासाठी मी आज बोलायला बसले ती गोष्ट. नातीच्या पिशवीत चित्रांची वही आणि कंपासपेटी होती. झाडाखाली बसून ती चित्र काढत होती, चुकलं, तिने खोडरबर काढला. मी विचारलं, "हा कुठे उगवतो ठाऊक आहे?" ती हसली. आजी काहीतरीच बोलते. मग तिला रबराच्या झाडाशी नेलं.

श्रोतेहो, रबराच्या इतिहासात या बागेचं नाव मोठं आहे. झाड मूळचं ब्राझीलचं. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने तिथून सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू बागेत पोचवल्या. त्यातल्या शंभरात चारही धड रुजल्या नाहीत. पुढच्या वर्षी २२ रोपं सिंगापूरला आली. रोपं वाढली, पण लावायला कोणी मळेवाला तयार होईना. १८८८ मध्ये हेन्री रिडली या बागेचा प्रमुख झाला आणि त्याने रबराचा ध्यासच घेतला. खिशात बिया घेऊन हिंडायचा, भेटेल त्या मळेवाल्याच्या हातावर ठेवायचा. लोक त्याला वेडा रिडली म्हणायचे. हा वेडा पुढे शंभर वर्षं जगला आणि त्याच्या डोळ्यांदेखत मलायाभर रबराचे मळे उभे राहिले.

त्याचं खरं काम मात्र सुरीचं. रबर बनतं ते या झाडाच्या चिकापासून. त्याआधी चिकासाठी झाडावर घाव घालत, त्यात झाड मरे. रिडलीने तिरप्या, उथळ खाचा पाडायची रीत बसवली, माशाच्या काट्यासारख्या. दर खेपेला त्याच खाचेची कड जराशी तासायची, की चीक पुन्हा वाहू लागतो आणि झाड वर्षानुवर्षं जगतं. हे काम पहाटे करायचं, कारण ऊन चढलं की चीक आटतो. नातीला यातलं एकच समजलं आणि तेच महत्त्वाचं होतं: "म्हणजे झाडाला खरचटतं, पण मरत नाही?" हो, तसंच. मग तिने खोडरबर हुंगला. आता बहुतेक खोडरबर प्लास्टिकचे असतात, तिचाही तसलाच असणार. पण ते मी त्या क्षणी सांगितलं नाही. रबर हे इंग्रजी नावच मुळी पेन्सिल घासून पुसण्यावरून पडलं, एवढं मात्र सांगितलं.

नातवाला लगेच आपल्या घोलवडच्या चिकूचा चीक आठवला. त्याच चिकापासून पूर्वी च्युइंगम करत असत, आणि या सिंगापुरात साधं च्युइंगम विकायला १९९२ पासून बंदी आहे, हे ऐकून तो इतका खूश झाला की उरलेल्या सहलीत भेटेल त्याला तेच सांगत होता.

ऑर्किडच्या बागेला वेगळं तिकीट आहे. फुलं सुरेख, पण मुलं दहा मिनिटांत कंटाळली. मोठ्यांनी एखाद्या वेळी एकटं जावं.

मंगळवारी पुन्हा गेलो. मत्स्यालयावर पाणी सोडून, हे विशेष. मुलांच्या त्या विभागात एक गमतीचा नियम आहे: सोबत मूल नसेल तर मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत. म्हणजे मला माझ्या नातीने आत नेलं. आत पाण्याचे फवारे आहेत, झाडावरचं घर आहे, भुलभुलैया आहे. जाणार असाल तर कोरड्या कपड्यांचा जोड, टॉवेल आणि डासांचं मलम न्या. सकाळी आठला पोचा, कारण दुपारी तिथला दमटपणा आपल्या जूनमधल्या लोकलच्या डब्यासारखा होतो. तिखटमिठाच्या पुऱ्या हिरवळीवर बसून खाल्ल्या तर कोणी काही म्हणत नाही. मेट्रोत मात्र तोंडात काही घालू नका, दंड होतो.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. श्रीलंकेत कँडीला जाणार असाल तर जवळच पेराडेनियाची बाग आहे; तिथली झाडांना उलटी लटकलेली मोठी वटवाघळं मुलांना हटकून आवडतील. मॉरिशसला पांपलमूसच्या बागेत परातीएवढी कमळाची पानं आहेत, कडा वर वळलेल्या. शिवाय त्या बेटावर मराठी कुळं आहेत, तेव्हा तिथे मोठ्याने बोलताना जरा जपून!

निघताना मी नातीचे खिसे तपासले. एका खिशात रबराची बी निघाली. तपकिरी, ठिपक्यांची, गुळगुळीत. ठेवून घ्यावीशी मलाच वाटली. पण बागेतून काही उचलायचं नाही, आणि परवान्याशिवाय बिया भारतात आणायलाही मनाई आहे. बीबरोबर कीड नि रोग येतात. ती म्हणाली, "त्या माणसाने सत्तर हजार नेल्या!" काय उत्तर देणार? बी परत झाडाखाली ठेवली.

मुंबईला आल्यावर दुसऱ्याच रविवारी राणीच्या बागेत जायचं ठरलं. आधी पेंग्विन, हे ओघाने आलंच. मग कैलासपती. बुंध्यालाच फुलं, खाली पाकळ्यांचा सडा. आपण त्यात महादेवाची पिंडी आणि नागाचा फणा पाहतो, पण झाड मूळचं दक्षिण अमेरिकेचं. नातीने एक पडलेलं फूल उचललं आणि माझ्याकडे बघत विचारलं, "हे न्यायला चालतं?"

पडलेलं होतं. मी मान हलवली.

तिने ते रिकाम्या डब्यात ठेवलं. भायखळ्याहून परतताना लेडीज डब्यात तिने झाकण उघडलं, तर समोरच्या बाईंनी इकडेतिकडे पाहून विचारलं, अत्तर कुणी लावलंय? नातीने डबा पुढे केला. दादर येईपर्यंत तो चार जणींच्या हातांतून फिरून आला.

नमस्कार.