चौथा ठोका रिकामा: आपलं रॉक गाणं लिहिताना आणि रेकॉर्ड करताना

नमस्कार. मागेपर्यंत आवाज येतोय ना? बरं. बऱ्याच जणांच्या हातात वह्या दिसतायत, म्हणजे माईक कुठला घ्यायचा, सॉफ्टवेअर कुठलं, हे लिहून घ्यायची तयारी असणार. त्यातलं थोडंफार येईल बोलण्यात. पण मी सुरुवात एका गाण्यापासून करतो, जे माझ्याकडे चार वर्षं अर्धवट पडून होतं.

माझा दादा नोकरीसाठी लांब गेला तेव्हाचं ते गाणं. त्याची खोली होती तशीच होती आणि मला त्या खोलीवर गाणं करायचं होतं. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, झाली होती, कोरसची चाल झाली होती, आणि पहिली ओळ होती, "तू गेल्यावर माझं सारं जग रिकामं झालं होतं". मी ठरवलेलं की आधी गाणं पूर्ण लिहायचं, पक्कं करायचं आणि मग एकदाच नीट रेकॉर्ड करायचं. ते "नीट" चार वर्षं काही आलं नाही. शेवटी एका रात्री फोन टेबलावर ठेवला, गिटार घेतली आणि जसं येतंय तसं अख्खं गाणं एकदा गाऊन टाकलं, जिथे शब्द नव्हते तिथे नुसतं ना ना ना. सकाळी ऐकलं आणि पहिल्या मिनिटातच कळलं की घोडं कुठे अडलंय. त्या ओळीत श्वास घ्यायला जागाच नव्हती, शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते आणि ज्या रिफवर माझा एवढा जीव होता ती त्याखाली दबून गेली होती. गाताना हे कळत नाही हो, कारण गाताना आपल्या मनात जे आहे तेच आपल्याला ऐकू येत असतं, आणि फोनला आपल्या मनातलं काही माहीत नसतं.

तर मला आज एवढंच सांगायचंय की गाणं लिहून झाल्यावर रेकॉर्ड करायचं हा क्रम सोडा. लिहायची वही म्हणूनच रेकॉर्डिंग वापरा. अर्धं सुचलंय? रेकॉर्ड करा. फक्त कोरस आहे? तेवढाच करा, आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको, त्याच दिवशी सगळंच भारी वाटतं.

आता त्या ओळीचं काय केलं ते सांगतो, कारण मराठीत रॉक लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे ओळ लिहिली की ती आपोआप "होतं", "आहे", "नाही" वर जाऊन संपते, यमकही फुकटात जुळतं, होतं-होतं-होतं, आणि आपल्याला वाटतं जमलं. पण ओळीचा शेवट ही गाण्यातली सगळ्यात मोक्याची जागा, तिथे आपण सगळ्यात निर्जीव शब्द ठेवतोय. मी क्रियापदं काढूनच टाकली. डोळे मिटले आणि खोलीत खरंच काय होतं ते आठवलं, आणि ओळ झाली:

दार उघडं, दिवा चालू
चार्जर अजून भिंतीत

आता हे चार ठोक्यांवर टाळी देऊन म्हणून बघा. दार, उघडं, दिवा, चालू, झाले चार. चार्जर, अजून, भिंतीत, हे तीन, आणि चौथा ठोका रिकामा. रॉकच्या ठेक्यात स्नेअर, म्हणजे खणखणीत वाजणारा छोटा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो, म्हणजे त्या रिकाम्या जागेत स्नेअर एकटा वाजतो, आणि त्याला लागून माझी रिफ आत शिरते. चार वर्षं जी रिफ दबलेली होती तिला एक ठोका मोकळा मिळाला आणि गाणं उभं राहिलं! खोली रिकामी आहे हे सांगायला शब्द लागलाच नाही, ते त्या ठोक्यानं सांगितलं.

अजून एक, दीर्घ अक्षर ठोक्यावर येऊ द्या. "दार" मधला दा, "चालू" मधला चा, हे ठोक्यावर बसतात म्हणून ओळ म्हणायला सोपी जाते. ह्रस्व अक्षर ओढून ताणून ठोक्यावर बसवलं की ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. आणि कोरसमधला सगळ्यात वरचा सूर शक्यतो "आ" वर ठेवा. वरच्या पट्टीत "ई" किंवा "ऊ" वर घसा आवळला जातो, "आ" वर तोंड उघडतं आणि आवाज मोकळा सुटतो. शब्द बदलायला लागला तर बदला, मी कोरसमधला "जीव" काढून "प्राण" घातला तो केवळ यासाठी, आणि अर्थानेही काही बिघडलं नाही.

कुणी म्हणेल की घरात केलेलं कच्चं रेकॉर्डिंग शेवटी कच्चंच राहणार. १९७९ मध्ये टॅस्कॅम या कंपनीने पोर्टास्टुडिओ नावाचं मशीन काढलं, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक रेकॉर्ड करणारं, आणि सामान्य माणसालाही घरात बसून आधी गिटार, मग तिच्यावर आवाज, मग दुसरा आवाज असं थर देत जाता आलं. १९८२ च्या जानेवारीत अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन घरी त्याच मशीनवर गाणी करत बसला होता, फक्त डेमो म्हणून, बँडला ऐकवायला. मग बँडबरोबर स्टुडिओत तीच गाणी परत करून पाहिली आणि त्या कॅसेटमध्ये जे होतं ते काही परत येईना. शेवटी त्या कॅसेटवरूनच अल्बम निघाला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण डेमो करताना तो माणूस गाणं शोधत होता आणि ते शोधणं आवाजात ऐकू येतं. म्हणून एक सवय लावून घ्या, पहिला कच्चा टेक, म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग, कधीही डिलीट करायचा नाही.

सामानाबद्दल पटकन सांगतो. कॉम्प्युटर, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक आणि गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा), एक डायनॅमिक माईक, कान झाकणारे हेडफोन. झालं. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आणि लेव्हल लाल दिव्यापर्यंत ढकलू नका, सगळ्यात जोरात गाताना मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास गेला तरी भरपूर झालं. कॅसेटच्या काळात खालून टेपची खरखर यायची म्हणून लेव्हल वर ठेवायला लागायची, आता ती भीती नाही, उलट डिजिटलमध्ये एकदा क्लिप झालं, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटला, की तो टेक गेलाच समजा. आणि हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा येत असेल तर सॉफ्टवेअरमधला बफर बघा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून घेतो तो आकडा. ४८००० च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला ४८००० नमुने घेताना, बफर १०२४ असेल तर आत येतानाच २१ मिलिसेकंद जातात, बाहेर यायला आणखी तेवढेच, आणि एवढ्या उशिराने लय धरताच येत नाही, माणसाला वाटतं आपल्यालाच वाजवता येत नाही. १२८ वर आणा, साधारण पावणेतीन मिलिसेकंद होतात, रेकॉर्ड करताना ते चालतं. मिक्सला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवायला, बसलात की परत वाढवा.

आता आवाज. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण गाणं शेवटी आवाजावर तोललं जातं. "चार्जर अजून भिंतीत" चे पहिले कितीतरी टेक वाया गेले, प्रत्येक वेळी "भिंतीत" च्या भ ला हेडफोनमध्ये धप्प असा दणका. आपल्या भाषेत भ, फ, ख, ध ही अक्षरं भरपूर, आणि प्रत्येकाबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो, तो सरळ माईकच्या पडद्यावर आदळतो. तोंडासमोर तळहात धरून "प" म्हणा, मग "फ" म्हणा, म्हणा आत्ता, बघा फरक. उपाय एवढाच की माईक तोंडाच्या बरोब्बर समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवायचा, ओठांच्या कोपऱ्याकडे रोखलेला, आणि अंतर वीतभर. झोत समोरून निघून जातो आणि आवाज मात्र माईकला मिळतो. फार जवळ गेलात तर आवाजाचा खर्ज उगाच फुगतो, कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या माईकचा तो स्वभावच आहे. कुजबुजल्यासारखी ओळ असेल तर तो फुगवटा मुद्दाम वापराही, मी दुसऱ्या कडव्यात चार बोटांवर येऊन गायलोय.

खोली घुमत असेल तर लोक माईकच्या मागे चादरी लावतात. पण कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो, म्हणजे तुम्ही आणि तुमच्या मागची भिंत. म्हणून जाड रजई तुमच्या पाठीमागे टांगा, किंवा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. कपाटाच्या आत शिरून दार लावून गाऊ नका, कपडे वरचे सूर पिऊन टाकतात आणि खालचा घुमारा तसाच राहतो, आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो.

गिटारचं म्हणाल तर गेन (डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची फाटकी खरखर, वाढवणारं बटण) कमी करा, प्रॅक्टिसला ठेवता त्याच्यापेक्षा बराच कमी. आपल्याला मोठा आवाज हवा असतो म्हणून आपण डिस्टॉर्शन वाढवतो आणि तारेवर पडलेला घावच ऐकू येईनासा होतो. मोठेपणा दोन टेकमधून येतो, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि दोन्ही वेगवेगळे वाजवलेले. एकाच टेकची कॉपी दुसऱ्या बाजूला चिकटवली तर रुंदी येत नाही, कारण दोन्ही कानांना तेच मिळालं की आवाज मधोमधच ऐकू येतो, फक्त थोडा जोरात. ती रुंदी दोन टेकमधल्या बारीक फरकातून येते, हात इकडे केसभर आधी पडला, तिकडे नंतर. आवाजाच्या दुहेरी टेकमध्येही भरीवपणा त्या फरकातूनच येतो. बीटल्सना, त्यातही जॉन लेननला, तीच ओळ पुन्हा गायचा कंटाळा यायचा म्हणून १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत केन टाऊनसेंड या इंजिनिअरने दुसऱ्या टेप मशीनचा वेग किंचित हलवून तो फरक कृत्रिमपणे तयार केला. आपल्याकडे वेळ आहे, आपण दुसऱ्यांदा वाजवू.

आणि डिस्टॉर्शनवर पूर्ण कॉर्ड, म्हणजे सा-ग-प एकत्र, चिखल का होते, हे मला एकाने परवा विचारलं. पॉवर कॉर्ड म्हणजे नुसता सा आणि प. त्यांचं नातं तीनास दोन इतकं साधं की डिस्टॉर्शनमधून जे जास्तीचे सूर तयार होतात ते त्याच सा च्या घराण्यात बसतात, खाली आणखी एक खर्जातला सा ऐकू येतो, म्हणून ती एवढी भरीव वाटते. त्यात गंधार घातलात की गडबड होते, कारण पडद्यांच्या गिटारवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (शंभर सेंट म्हणजे एक पडदा) चढा असतो, आणि डिस्टॉर्शन तो छोटासा बेसूर मोठा करून दाखवतं. गंधार हवाच असेल तर तो गायकाला द्या. माझ्या कोरसमध्ये गिटार सा-प वाजवते आणि गंधार गळ्यात आहे, त्यामुळे गाण्याचा उदास की आनंदी हा निकाल गाणाऱ्याच्या हातात राहतो.

ड्रम बहुतेकांना कॉम्प्युटरवरच करायला लागतात, त्यात कमीपणा काही नाही. फक्त मिडीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वाजवायच्या सूचना देण्याच्या पद्धतीत, प्रत्येक घावाला १२७ पर्यंत जोर देता येतो म्हणून सगळे १२७ वर ठेवू नका, हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) एक जोरात एक हलका असा ठेवा, आणि कोरस यायच्या आधी एक मात्रा सगळं थांबवून बघा. बेस गिटार किकबरोबर, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमबरोबर, पडू द्या.

मिक्स करताना आवाज कमी ठेवून ऐका. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, मोठ्याने लावलं की सगळंच भरीव आणि छान वाटायला लागतं आणि फसायला होतं. हळू आवाजातही शब्द कळतोय आणि स्नेअर लागतोय तर मिक्स जमलंय. फोनच्या स्पीकरवर पण लावा, तिथे बेस गायब होईल, मग बेसला किंचित डिस्टॉर्शन दिलं की त्याचे वरचे सूर तरी ऐकू येतात. शेवटी सगळं दाबून दाबून मोठं करायच्या मागे लागू नका, स्ट्रीमिंगवाले बहुतेक गाणी सारख्या पातळीला आणतात, दाबलेलं गाणं तिथे फक्त चपटं ऐकू येतं.

एवढं सगळं करून माझ्या गाण्याचा फायनल आवाज कुठला लागला सांगू? पहिलं कडवं मी अकरा वेळा गायलो, कपाट उघडून, माईक कोपऱ्याला रोखून, सगळं बरोबर. आणि ठेवला तो तिसरा टेक, ज्यात "अजून" वर आवाज जरा थरथरला, कारण गाता गाता समोरच्या भिंतीतलं ते सॉकेट मला खरंच दिसलं. नंतरचे आठ टेक जास्त सुरात आहेत, आणि ते ऐकताना मला दादाची आठवण येत नाही.

आता मी दोन्ही वाजवतो. आधी फोनवर केलेलं, ना ना ना वालं, मग आत्ताचं. दुसऱ्यात "भिंतीत" नंतर जी जागा येते तिथे लक्ष ठेवा. समोरचे दिवे जरा कमी करता का कुणी?