वऱ्हाडातले चेहरे

(दृश्य: बीड जिल्ह्यातलं एक घर. बैठकीच्या भिंतीवरची फ्रेम, कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात शिरा, समोरच्या भिंतीवर हार घातलेला एखादा फोटो असतोच. तो जरा जवळ जाऊन बघा. मागं निळं आकाश लावलेलं असतं, पण टोपीच्या कडेला मांडवाच्या झालरीचा लाल तुकडा राहून गेलेला असतो. खांद्यापाशी दुसऱ्याच कुणाची तरी बाही अर्धी कापलेली दिसते. पुतण्याच्या नाहीतर भाचीच्या लग्नात हे आजोबा आहेर करायला स्टेजवर चढले, घोळक्यात उभे राहिले, आणि त्यांच्या माघारी घरच्यांना त्यांचा धड म्हणावा असा तेवढा एकच फोटो सापडला.

मी लग्नांचे फोटो काढतो. ऑर्डर नवरा-नवरीची असते, पैसेही त्यांच्याच फोटोंचे मिळतात. तरी मला विचाराल तर लग्नाच्या फोटोग्राफरचं निम्मं काम त्या दोघांच्या आजूबाजूला असतं. आमच्याकडं साठी-सत्तरीतलं माणूस आपणहून कॅमेऱ्यापुढं येऊन बसत नाही. आधार कार्डाला एक, बँकेच्या पासबुकाला एक, झाले त्याचे फोटो. अख्खी भावकी ठेवणीतले कपडे घालून एका जागी भेटते ती लग्नातच.

(दृश्य: हळदीची सकाळ. ओसरी, उघडं दार, दाराशी खुर्ची.)

या माणसांचे फोटो लग्नाच्या दिवशी काढू म्हटलं तर होत नाहीत, त्या दिवशी कुणालाच उसंत नसते. म्हणून हळदीच्या सकाळी, घरात देवक बसवायची गडबड चालू असते तेव्हाच मी दाराजवळ एक खुर्ची मांडतो. दार सावलीच्या बाजूचं निवडायचं. समोरच्या अंगणात ऊन पडलेलं असतं आणि तिथून परतलेला मऊ उजेड आत येतो. खुर्ची दाराशी थोडी तिरकी ठेवली की चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरीवर हलकी सावली राहते, आणि कपाळावरची रेघ न् रेघ दिसते. फ्लॅश बॅगेतच राहू द्यायचा. ८५ एमएमची लेन्स लावून चार पावलं मागं सरायचं, म्हणजे माणसाला कॅमेरा अंगावर आल्यासारखा वाटत नाही.

आजी हमखास म्हणणार, "माझा कशाला काढायलास रे बाबा, पोरीचा काढ की."

तिथं आग्रह करून भागत नाही. मी आधी आजोबांना बसवतो. मग तिला म्हणतो, "माय, तू पण ये, दोघांचा काढू." जोडीचा फोटो झाला की आजोबांना उठवायचं आणि तिला खुर्चीवर बसवायचं. ती डोक्यावरचा पदर सारखा करते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवते आणि ताठ होते. आता "हसा" म्हणायचं नाही. ही पिढी तालुक्याच्या स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढं, "हलू नका" ऐकत बसलेली आहे. फोटो म्हणजे नीट बसणं, हे तिच्या अंगात मुरलंय, आणि ते तिला शोभतं. नव्या पोरांना असे फोटो कडक वाटतात. मला त्यात त्या बाईचा मान दिसतो. हसरा फोटोही मी काढतो, पण दोन्ही समोर ठेवले की घरचे बहुतेक वेळा हाच निवडतात.

फोटो झाला की नाव विचारायचं. नाव, गाव, नवरीचं किंवा नवरदेवाचं कोण लागतं, हे सगळं फाइलच्या नावात घालायचं. एका लग्नात हजारोंनी फोटो निघतात. पुढं कधी रात्री कुणाचा फोन येतो, "दादा, दहाव्याच्या पत्रिकेला आबांचा फोटो पाहिजे होता." तेव्हा नाव टाकलं की फोटो निघाला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक लग्न दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो, आणि त्या दोन्ही एका घरात ठेवत नाही.

(दृश्य: मंगल कार्यालयापुढचा मांडव. मे महिना, भर दुपार.)

लग्नसराई ऐन भरात येते तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो. गुलाबी कापडाच्या मांडवातून ऊन गाळून खाली येतं आणि सगळं वऱ्हाड गुलाबी करून टाकतं. रंग खरा यायचा तर कॅमेऱ्याला पांढरं काय ते दाखवावं लागतं. कुणाच्या तरी टोपीवर व्हाइट बॅलन्स घ्यावा असं वाटतं, पण टोपीला नीळ दिलेली असते, त्या निळसर झाकेनं हिशेब चुकतो. म्हणून खिशात ग्रे कार्ड, म्हणजे रंग मोजायचा करडा पुठ्ठा, ठेवायचा. हे दहा सेकंदांचं काम टाळलं तर पुढं रंग सुधारण्यात रात्री जातात.

त्याहून मोठी गोष्ट चेहऱ्याच्या रंगाची. नवरदेव पांढऱ्या शेरवानीत असतो. एवढं पांढरं दिसलं की कॅमेऱ्याचं मीटर फसतं, उजेड कमी करतं आणि सावळा चेहरा काळवंडतो. मग अल्बमच्या वेळी घरचे म्हणतात, "भाऊ, जरा उजळ करा." लॅपटॉपवर एक पट्टी सरकवली की माणूस गोरा होतो आणि त्याचं नाक, गाल, हनुवटी सगळं एका पिठात मळल्यासारखं सपाट होऊन जातं. मी गोरं करून देत नाही. कापूस वेचून, ऊस तोडून, उन्हात उभं राहून आलेला हा रंग आहे. तो खोडून दिलेला फोटो त्या माणसाचा राहत नाही. चेहऱ्यावरचा उजेड मोजून एक्स्पोजर धरलं तर सावळा रंग तेजदार येतो, आणि मग गोरं करा असं फारसं कुणी म्हणतही नाही.

पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. त्या वेळी परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, अजून मारुतीच्या देवळापुढं असतो, पोरं नाचत असतात. मंगलाष्टकं सुरू झाली की मात्र सगळं फार झपाट्यानं होतं. अंतरपाट खाली येतो त्या दोन-तीन सेकंदांसाठी जागा आधीच धरून ठेवावी लागते, कारण पुढच्या रांगेतले सगळे मोबाइल वर झालेले असतात. अक्षतांचा दाणा न् दाणा हवेत दिसायला हवा असेल तर शटर १/५०० सेकंदाहून जलद ठेवायचं. १/६० ला त्यांच्या नुसत्या रेघा येतात.

(दृश्य: नवरीची खोली. आरसा, हिरव्या बांगड्या, कॅमेरा धरलेले मुलीचे हात.)

नवरीच्या खोलीत मी जात नाही. तिथं माझ्याबरोबर काम करणारी मुलगी जाते. आमच्या भागात या धंद्यात बाया अजून फार थोड्या आहेत, आणि ही उणीव मला मनापासून खटकते. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हाची गोष्ट बघा. लाला दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे फोटोग्राफर. वेरूळची लेणीही त्यांनी टिपली आहेत. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तिथला कॅमेरा एका बाईच्या हाती दिला. पडद्यातल्या बायकांचे चेहरे तिथं मोकळेपणानं टिपता आले. आजही नवरी, तिची आई, मावश्या त्या खोलीत जशा बसतात, बोलतात, रडतात, तशा पुरुषासमोर बसत नाहीत.

आणि त्या खोलीत आणखी एक गोष्ट कळते. लेन्स चेहऱ्याच्या हातभर अंतरावर असते, तिथं मेकअपखालचं वय लपत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, राज्यातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. बीड आणि परभणीत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर जाणाऱ्या आईबापाला, वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची हा घोर असतो, आणि तो खोटा नाही. पण त्या घोरावर चौदा-पंधराव्या वर्षी मुंडावळ्या बांधणं हा इलाज नव्हे. २००६ चा कायदा बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतो.

म्हणून तारीख लिहून घ्यायच्या, इसार धरायच्या आधी मी दोघांचेही जन्माचे किंवा शाळेचे दाखले बघतो. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण नसतील तर ऑर्डर घेत नाही. तेवढ्यावर थांबतही नाही. १०९८ या चाइल्डलाइनला फोन करतो, गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, सांगतो. गावात बालविवाह रोखायचा अधिकार त्यांच्याकडं आहे. यात ओळखी तुटतात, पुढची कामंही जातात. मी नाही म्हटलं तर दुसरा कॅमेरावाला मिळतो, हेही खरं. आमच्या तालुक्यात आता मांडववाले, बँडवाले, आचारी आणि आम्ही फोटोग्राफर, सगळ्यांनी इसाराआधी दाखला मागावा म्हणून मी एकेकाला भेटतोय.